ग्रॅनाइटच्या शिरेला लागून

सांगली-साताऱ्याच्या माणसाला दगड म्हटलं की काळाच डोळ्यांपुढे येतो. घराचं जोतं, विहिरीचं बांधकाम, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या, दंडोबाचा डोंगर, सगळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. ग्रॅनाइट आपल्याकडे आहे, पण खोल. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी जी छिद्रं पाडली, त्यातल्या रासाटीच्या छिद्रात सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे आपण सगळे ग्रॅनाइटवरच राहतो, मध्ये किलोमीटरभर काळा दगड आहे एवढंच. पण हा ग्रॅनाइट लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, लाव्हा आला तेव्हा पार थंड होऊन बसलेला. मला पाहायचा होता तो ग्रॅनाइट गरम असताना शेजारच्या दगडाचं काय करतो ते. त्यासाठी जिल्हा सोडावा लागला.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला सरांनी विषय दिला ग्रॅनाइट आणि अल्ट्रामॅफिक खडक यांच्या संपर्काचा. अल्ट्रामॅफिक म्हणजे ज्यात सिलिका ४५ टक्क्यांहून कमी आणि मॅग्नेशियम-लोह भरपूर असा खडक. आपल्या बेसाल्टमध्ये सिलिका पन्नासच्या आसपास, ग्रॅनाइटमध्ये सत्तर किंवा त्याहून जास्त. रसायनाच्या हिशेबात ही दोन टोकं आहेत, आणि निसर्गात ती कधीकधी एकमेकांना चिकटून सापडतात. त्यात आणखी एक गोष्ट अशी की अल्ट्रामॅफिक खडक मूळ रूपात फार क्वचित मिळतो. त्यातलं ऑलिव्हीन हे मॅग्नेशियम-लोहाचं खनिज पाण्याशी संयोग पावून सर्पेंटाइन होतं, आणि सर्पेंटाइनमध्ये वजनाने बारा-तेरा टक्के पाणी असतं. फटीत साठलेलं पाणी नव्हे, स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं. अशा पाणी धरलेल्या खडकाशेजारी सातशे-आठशे अंशांचा ग्रॅनाइटी रस येऊन बसला की काय होतं, हा माझा प्रश्न.

उत्तराचा सांगाडा पुस्तकात तयार होता. १९४९ साली बोवेन आणि टटल यांनी मॅग्नेशिया, सिलिका आणि पाणी या तिघांवर दाबाखाली प्रयोग करून दाखवलं की साधारण ५०० अंशांच्या वर सर्पेंटाइन टिकत नाही. १९७२ मध्ये ट्रॉम्सडॉर्फ आणि इव्हान्स यांनी उत्तर इटलीत, बेर्गेलच्या टोनालाइटभोवती, तीच गोष्ट प्रत्यक्ष डोंगरात मांडली. टोनालाइट हा ग्रॅनाइटच्याच कुळातला. त्याच्याकडे लांबून चालत गेलं की आधी अँटिगोराइट नावाचं सर्पेंटाइन, मग ऑलिव्हीन आणि शंखजिरे, मग ऑलिव्हीन आणि अँथोफिलाइट, आणि अगदी जवळ ऑलिव्हीन आणि एन्स्टाटाइट. प्रत्येक टप्प्याला खडकातलं पाणी कमी होत जातं. सर्पेंटाइन होताना गेलेलं ऑलिव्हीन भाजल्यावर परत येतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवला होता. खडक मागे फिरू शकतो, ही कल्पनाच मला फार आवडली.

नमुना आणला कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातून. मिरजेला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसायचं, अरसीकेरेला उतरायचं आणि पुढे बस. नुग्गीहळ्ळीचा पट्टा क्रोमाइटच्या, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाच्या, खाणींमुळे भूशास्त्राच्या मुलांना माहीत असतो. तीन अब्ज वर्षांहून जुने अल्ट्रामॅफिक खडक, बहुतेक सर्पेंटाइन झालेले, आणि भोवती नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडक आणि ग्रॅनाइट. खाणीत जाण्याचा प्रश्न नव्हता. एका नारळाच्या बागेत नवी विहीर खणली होती, तिचा दगड बांधाला लावून ठेवला होता. माझं आजोळ जतचं, त्यामुळे कन्नडची अडचण आली नाही. बागेचे मालक वयस्कर होते. मी अज्जा म्हणून हाक मारल्यावर त्यांनी स्वतः ढिगाऱ्यात उतरून मऊ, नखाने कोरता येणारा फिकट दगड काढून दिला आणि म्हणाले, हा बळपद कल्लु, आम्ही लहानपणी याने पाटीवर लिहायचो. शंखजिऱ्याचाच खडक. मी विचारलं, हा पांढऱ्या दगडाला लागून होता का? त्यांनी विहिरीकडे नेलं आणि आतल्या भिंतीतली शीर बोटाने दाखवली. फिकट गुलाबी ग्रॅनाइटची शीर, वीतभर रुंद, काळपट हिरव्या खडकात तिरकी उतरलेली.

ढिगाऱ्यात त्याच शिरेचा, दोन्ही खडक चिकटून असलेला तुकडा मिळाला. जड होता, पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेतला. पण तो हातात धरून नुसता उलटासुलटा केला तरी विषय उलगडत होता. एका बाजूला ग्रॅनाइट. त्याला लागून काळ्या-तपकिरी अभ्रकाचा चमकता पट्टा, बोटाच्या पेराएवढा, पाती शिरेच्या कडेला समांतर. त्याच्यापुढे हिरव्या सुयांचा थर, सुया शिरेला काटकोनात उभ्या. मग फिकट, हाताला बुळबुळीत लागणारा शंखजिऱ्याचा पट्टा. आणि शेवटी घट्ट, काळपट हिरवा खडक, ज्यात भिंगातून पाहिलं तर लांबट, मध रंगाचे डाग दिसत होते. ते डाग ऑलिव्हीनचे असावेत असं वाटत होतं, पण वाटण्यावर प्रकल्प लिहिता येत नाही. स्लाइड करायलाच हवी.

स्लाइड म्हणजे दगडाचा इतका पातळ छेद की त्यातून प्रकाश आरपार जावा. जाडी ०.०३ मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हेन्री सॉर्बी यांनी खडकांच्या अभ्यासात ही पद्धत रुळवली आणि तिचा गाभा आजही तोच आहे: कापा, काचेला चिकटवा, घासा. मोठ्या प्रयोगशाळांत यंत्रं आहेत. आमच्याकडे छोटी करवत, काचेची जाड पाटी आणि घासायला कार्बोरंडमची कठीण पूड होती. मला त्याचं वाईट वाटत नाही. हाताने घासताना खनिजांचा कठीणपणा बोटांना जसा कळतो तसा तो तक्त्यातून कळत नाही.

नमुना आमच्या करवतीपेक्षा मोठा होता, म्हणून पहिला काप मिरज रोडवरच्या एका ग्रॅनाइटच्या दुकानात करून घेतला. तिथे ओट्याचे कडप्पे कापत होते. दुकानदार मामांनी दगड हातात घेतला, दोन्ही बाजूंनी नख लावून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ह्यो एका अंगाला लोखंड हाय आन् दुसऱ्या अंगाला लोणी. ब्लेड सरळ जायाचं न्हाय." खरं होतं. शंखजिऱ्याचा कठीणपणा १, सर्पेंटाइनचा ३ ते ४, ऑलिव्हीन साडेसहा-सात, क्वॉर्ट्झ म्हणजे गारगोटी ७. पाते कठीण बाजूला अडतं आणि मऊ बाजूला ओढलं जातं. त्यांनी मग दगड असा बसवला की पाते एकाच वेळी सगळ्या पट्ट्यांवर टेकेल, शिरेला काटकोनात, आणि अगदी सावकाश पुढे ढकललं.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली, आणि हा दगड कापणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असं मला वाटतं. काप पूर्ण ओला घेतला, आम्ही सगळ्यांनी चांगले मास्क लावले आणि खाली पडलेला चिखल वाळू न देता धुऊन गोळा केला. क्रायसोटाइल हा सर्पेंटाइनचाच तंतुमय प्रकार, आणि ॲस्बेस्टॉस म्हणून सगळ्यात जास्त वापरला गेला तो हाच. ट्रेमोलाइट आणि अँथोफिलाइट ही खनिजंही तंतुमय असू शकतात. कुठल्या तुकड्यात तंतू आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली नंतर कळतं, धूळ मात्र आधीच नाकात जाते. मामांच्या दुकानात काम करणाऱ्या पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बाकीच्या कामालाही पाणी वाढवलं. मला त्याचं खूप बरं वाटलं.

कॉलेजात आल्यावर चकतीचे काचेवर मावतील असे तुकडे केले. शंखजिऱ्याची बाजू घासताना पापुद्रे निघून खड्डे पडतात, म्हणून आधी तुकडा गरम करून त्यात पातळ इपॉक्सी मुरवली. निर्वात भांड्यात ठेवला की फटींतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि तिच्या जागी इपॉक्सी शिरते. ती घट्ट झाल्यावर एक बाजू २२० नंबरच्या पुडीवर, मग ४००, मग ६०० वर सपाट केली. दोन पुडींच्या मध्ये तुकडा आणि पाटी दोन्ही नळाखाली नीट धुवायची. जाड पुडीचा एक कण जरी बारीक पुडीत गेला तरी छेदावर ओरखडा उठतो. प्रयोगशाळेतले मामा या बाबतीत फार कडक आहेत. त्यांनी प्रत्येक पुडीला वेगळी पाटी आणि वेगळं फडकं ठेवलंय, आणि दुसरं फडकं उचललं की नुसतं बघतात. तेवढं पुरतं.

सपाट बाजू काचेला चिकटवली, उलट बाजूचा जादा दगड करवतीने उतरवला आणि खरं काम सुरू झालं.

जाडी मोजायची रूढ रीत अशी: ध्रुवित प्रकाशात, म्हणजे एकाच दिशेत कंपणाऱ्या प्रकाशात, सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक (प्रकाश असा गाळणाऱ्या काचा) एकमेकांना काटकोनात ठेवले की क्वॉर्ट्झचा रंग जाडीप्रमाणे बदलतो. जाड छेदात तो भडक असतो, मग पिवळा होतो, आणि ०.०३ मिलिमीटरला फिका राखाडी-पांढरा. क्वॉर्ट्झ राखाडी झालं की थांबायचं. अल्ट्रामॅफिक खडकात क्वॉर्ट्झ नसतंच. माझ्या छेदात एका टोकाला ग्रॅनाइट होता म्हणून क्वॉर्ट्झ होतं, पण ते नेमकं कठीण टोकाला. तिथे राखाडी रंग येईपर्यंत घासलं तर दुसऱ्या टोकाचं शंखजिरे केव्हाच संपलेलं असणार. सरांनी उपाय सांगितला. ग्रॅनाइटचाच एक छोटा तुकडा शंखजिऱ्याच्या टोकाला, काचेच्या कडेवर, शेजारी चिकटवायचा. मग दोन्ही टोकांना क्वॉर्ट्झ, दोन्हीकडे रंग वाचता येतो, आणि मऊ भाग मध्ये सुरक्षित राहतो. आधारासाठी लावलेला तो तुकडा मला सगळ्या कामातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

शेवटचा टप्पा १००० नंबरच्या पुडीवर. बोटं ग्रॅनाइटच्या बाजूला टेकवायची, मऊ बाजूवर भार जवळजवळ द्यायचाच नाही, छोटे गोल फेरे घ्यायचे आणि दर थोड्या वेळाने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. हातात असताना काळपट दिसणारा छेद आधी बाटलीच्या काचेसारखा हिरवट होतो, मग जवळजवळ रंगहीन. घासण्याचा आवाजही बदलतो. सुरुवातीचा खरखर आवाज मिटत जातो आणि शेवटी पाटीवर फक्त पाण्याची हालचाल ऐकू येते. तिथून पुढे फार जपून.

दोन्ही टोकांचं क्वॉर्ट्झ राखाडी झालं तेव्हा वरून काच बसवली आणि छेद ग्रॅनाइटच्या बाजूने सरकवायला सुरुवात केली.

पहिली गोष्ट दिसली ती ग्रॅनाइटमध्येच. शिरेच्या मध्यभागी क्वॉर्ट्झ भरपूर, पण कडेकडे ते कमी होत जातं आणि अभ्रकाच्या आधीच्या पट्टीत जवळजवळ नाहीच, नुसतं फेल्स्पार. म्हणजे ग्रॅनाइटने आपली सिलिका शेजाऱ्याला दिली होती. ग्रॅनाइट आला आणि त्याने दुसऱ्याला बदललं, असं आपण बोलतो, पण तो स्वतःही कडेला बदलतो, आणि हे छेदात पाहिल्याशिवाय पटत नाही. त्याच्यापुढचं अभ्रक फिकट तपकिरी, फ्लोगोपाइटकडे, म्हणजे मॅग्नेशियमवाल्या अभ्रकाकडे, झुकणारं. त्याला लागणारं पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम ग्रॅनाइटचं, मॅग्नेशियम समोरच्याचं. पुढच्या हिरव्या सुया ॲक्टिनोलाइटच्या. आडव्या छेदात पाटनाच्या रेषा, म्हणजे खनिज ज्या दिशांनी सहज फुटतं त्या, ५६ आणि १२४ अंशांत छेदतात, ही अँफिबोल गटातल्या खनिजांची खूण. मग शंखजिऱ्याची रंगीत पाती. हे सगळे पट्टे पदार्थांच्या देवाणघेवाणीतून तयार झालेले. नुसत्या उष्णतेने ॲक्टिनोलाइट असं शिरेला लागून ओळीत उभं राहत नाही.

आणि त्यापलीकडे, दुसऱ्या स्लाइडमध्ये, मध रंगाचे डाग. ऑलिव्हीनच होतं. ध्रुवित प्रकाशातले रंग दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, निळे, गुलाबी, हिरवे. पण मूळ अग्निज खडकातल्या ऑलिव्हीनसारखे गोलसर दाणे नव्हते. लांबट, कुठेही तोंड करून पडलेले, आणि त्यांच्या पोटात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे, काळे बारीक कण ओळीने पेरलेले. ते कण पाहिल्यावर मी बराच वेळ दुसरीकडे सरकले नाही. मूळ ऑलिव्हीनचं सर्पेंटाइन होताना त्यातलं बरंचसं लोह सर्पेंटाइनमध्ये मावत नाही, ते मॅग्नेटाइट होऊन वेगळं पडतं. नंतर उष्णतेने पाणी हाकललं, ऑलिव्हीन पुन्हा वाढलं, पण वेगळं पडलेलं ते मॅग्नेटाइट बरंचसं तसंच आत अडकून राहिलं. दगड मागे फिरला खरा, पण तो पूर्वीचा दगड झाला नाही. हे कण नसते तर हे ऑलिव्हीन मुळचं की नवं, हे मला ठामपणे सांगता आलं नसतं.

मग तापमान. अँटिगोराइट संपून ऑलिव्हीन आणि शंखजिरे आलंय, म्हणजे साधारण ५०० ते ५५० अंश ओलांडले होते. एन्स्टाटाइट कुठेच नाही, म्हणजे सातशेच्या जवळ गेलेलं नाही. काही दाण्यांना बारीक भेगांतून पुन्हा सर्पेंटाइन झालंय, ते थंड होताना पाणी परत आलं तेव्हाचं.

इथवर सगळं पुस्तकासारखं. पण वीतभर शीर एवढं भाजू शकते का, हा प्रश्न मला सतावत होता. हिशेब सोपा आहे. दगडात उष्णता पसरण्याचा दर सेकंदाला सुमारे एक चौरस मिलिमीटर. शिरेची रुंदी २०० मिलिमीटर, तिचा वर्ग ४०,००० , म्हणजे ४०,००० सेकंद, अकरा तासांच्या आसपास. एवढ्यात शीर आपली उष्णता घालवून बसते. अकरा तासांत ऑलिव्हीनचे असे लांब स्फटिक वाढतील हे मला पटत नाही. हाच हिशेब किलोमीटरभर रुंदीच्या ग्रॅनाइटला लावला तर तीस हजार वर्षांहून जास्त होतात. ऑलिव्हीन वाढवणारी उष्णता या शिरेची नसणार. ती जवळच्या मोठ्या ग्रॅनाइटची, ज्याच्यातून ही शीर फुटली असावी.

तसं असेल तर क्रम छेदात दिसायला हवा, आणि तो दिसला. शिरेपासून लांब शंखजिरे आणि ऑलिव्हीन शेजारी शेजारी नांदतात, कडा स्वच्छ, एकमेकांना खाल्लेलं नाही. शिरेच्या बाजूला मात्र शंखजिऱ्याची पाती ऑलिव्हीनच्या दाण्यांत घुसलेली आहेत, दाण्यांच्या कडा करवतीसारख्या झाल्यात, आणि एका जागी दाणा पूर्ण जाऊन फक्त मॅग्नेटाइटची ओळ शंखजिऱ्यात शिल्लक आहे. ऑलिव्हीनला सिलिका आणि पाणी मिळालं की शंखजिरे होतं, आणि सिलिका कुठून आली ते ग्रॅनाइटच्या रिकाम्या कडेने आधीच सांगितलं होतं. म्हणजे आधी मोठ्या ग्रॅनाइटने तापवलं, मग शिरेच्या द्रवाने पट्टे पाडले. माझ्या प्रकल्पाचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी या दोन स्लाइडींवर उभं करते.

ही देवाणघेवाण नुसती अभ्यासाची नाही, हेही सांगायला हवं. पाचू तयार व्हायला बेरिलियम लागतं आणि हिरवा रंग यायला मुख्यतः क्रोमियम. बेरिलियम ग्रॅनाइटकडे आणि त्याच्या पेग्मटाइटकडे, म्हणजे मोठ्या स्फटिकांच्या शिरांकडे, असतं, क्रोमियम अल्ट्रामॅफिककडे. दोघं वेगळे असेपर्यंत या प्रकारचा पाचू नाही. अजमेर-उदयपूरच्या बाजूच्या पाचूच्या खाणी, रशियातल्या उरल पर्वतातल्या खाणी, झांबिया, झिंबाब्वे, सगळीकडे तो अशाच संपर्कातल्या अभ्रकाच्या पट्ट्यात सापडतो. माझ्या अभ्रकात पाचू नाही. तरी तो पट्टा मी कडेपासून कडेपर्यंत पुन्हा तपासला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी स्लाइड स्वतः फिरवून पाहिली आणि विचारलं, शंखजिऱ्यातली ती मॅग्नेटाइटची ओळ फोटोत का नाही? ती आता आहे. पुढचा तुकडा त्याच विहिरीच्या भिंतीतला, पण मोठा ग्रॅनाइट ज्या अंगाला उघडा पडलाय त्या बाजूचा. अज्जांनी तो काढून ठेवलाय, असा त्यांच्या नातवाचा फोन आला होता. त्यात अँथोफिलाइट मिळालं तर उष्णता कुठल्या बाजूने आली हे नक्की होईल. इपॉक्सी आणि १००० ची पूड मागवली आहे.